बाळाच्या किडनीत पाणी आहे म्हणतात: सोनोग्राफीपासून आयसोटोप स्कॅनपर्यंत, क्रमाने

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत "बाळाच्या डाव्या किडनीत जरा पाणी दिसतंय" असं कानावर पडलं की त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नसतो. खरं तर शंभरातल्या एक ते पाच गरोदरपणांत हे दिसतं. मी लहान मुलांची सोनोग्राफी करते. जाड फाईल काखेत धरून आलेले आईबाप टेबलाशेजारी उभे राहून एकच विचारतात, "मॅडम, वाढलंय का?" विचारणं साहजिकच आहे, पण मी मिलिमीटरमध्ये उत्तर दिलं तर निम्मीच गोष्ट सांगितल्यासारखं होतं. सोनोग्राफीत किडनीचा आकार कळतो, ती काम किती करते ते कळत नाही. काम मोजायची तपासणी वेगळी. आणि बाळाचं पुढे काय करायचं हे एका रिपोर्टवर ठरत नाही. काही महिन्यांच्या अंतराने, शक्यतो सारख्याच परिस्थितीत घेतलेले आकडे शेजारी शेजारी मांडले की ठरतं. ते आकडे शेजारी मांडण्यालायक असावेत, यात आईबापांचा वाटा डॉक्टरांइतकाच असतो. तो कसा उचलायचा, ते जन्माआधीपासून सुरुवात करून सांगते.

रिपोर्टमधला शब्द

हायड्रोनेफ्रोसिस म्हणजे किडनीतली लघवीची पिशवी फुगलेली असणं. लघवी किडनीत तयार होते, आतल्या छोट्या वाट्यांमधून या पिशवीत जमते आणि बारीक नळीने मूत्राशयात उतरते. आपण बोलताना 'किडनीला सूज' म्हणतो, पण यात दाह नाही, जंतू नाहीत, बाळाला दुखतही नसतं. बऱ्याच बाळांत ही फुगवटी आपोआप ओसरते. उरलेल्यांत मुख्य कारणं तीन: पिशवी आणि नळीच्या सांध्यापाशी वाट अरुंद असणं, मूत्राशयातली लघवी उलटी वर चढणं (याला रिफ्लक्स म्हणतात), आणि फक्त मुलग्यांत, मूत्रमार्गात जन्मतः असलेले पातळ पडदे.

रिपोर्टमधला महत्त्वाचा आकडा म्हणजे एपीडी, पिशवीची पुढून मागे मोजलेली रुंदी. दुसऱ्या तिमाहीत ती ४ मिमी किंवा जास्त, तिसऱ्या तिमाहीत ७ मिमी किंवा जास्त असली तर नोंद करतात. दुसऱ्या तिमाहीत १० आणि तिसऱ्या तिमाहीत १५ च्या वर गेली तर ती तीव्र. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, जन्माआधी सौम्य फुगवटी असलेल्या बाळांपैकी सुमारे १२ टक्के, मध्यमपैकी ४५ टक्के आणि तीव्रपैकी ८८ टक्के बाळांत जन्मानंतर काही ना काही दोष सापडला. म्हणून 'पाणी आहे' एवढ्यावर थांबू नका. किती आहे, ते विचारा.

पायरी पहिली: पोटात असतानाच वहीत उतरवून घ्या

दोनशे पानी वही घ्या. सोनोग्राफीची तारीख, त्या दिवशी कितवा आठवडा होता, उजवी आणि डावी एपीडी वेगवेगळी, मूत्राशय नॉर्मल दिसलं का, आणि गर्भजल पुरेसं आहे का, एवढं लिहा. गर्भजल म्हणजे बहुतांशी बाळाची लघवीच. ते कमी असेल तर मामला वेगळा. तिसऱ्या तिमाहीत सोनोग्राफी पुन्हा होते, तिचेही हेच आकडे त्याखाली लिहा.

इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. मूत्रमार्गातले पडदे फक्त मुलग्यांत असतात, पण १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी करणारा डॉक्टर बाळाचं लिंग सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. म्हणजे हा धागा जोडायची वेळ येते ती थेट जन्माच्या खोलीत. दोन्ही किडन्या फुगलेल्या, मूत्राशय मोठं किंवा गर्भजल कमी, असं काही रिपोर्टात असेल तर प्रसूतीला जाताना ते पान फाईलच्या सर्वांत वर लावा आणि बालरोगतज्ज्ञांना आधीच दाखवून ठेवा. मुलगा झाला तर पुढचे दोन दिवस मोलाचे असतात. प्रसूतीच्या धावपळीत हा कागद नेमका बॅगेच्या तळाशी असतो, असा माझा अनुभव आहे.

पायरी दुसरी: जन्मानंतर घाई कोणाला, थांबायचं कोणी

एकाच बाजूची फुगवटी आणि बाकी सगळं ठीक असेल, तर पहिल्या ४८ तासांत सोनोग्राफी करून घेऊ नका. या काळात बाळाच्या अंगात पाणी कमी असतं, लघवीही कमी बनते आणि फुगलेली पिशवी चपटी दिसते. रिपोर्ट 'नॉर्मल' येतो, पेढे वाटले जातात, आणि पुढची तपासणी कोणी करतच नाही. भारतातल्या बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा बाळाची पहिली सोनोग्राफी तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान करावी.

मूत्रमार्गात अडथळ्याची शंका, गर्भजल कमी किंवा दोन्ही बाजूंना तीव्र फुगवटी असेल, तर मात्र २४ ते ४८ तासांतच करायची. एकच किडनी असलेलं बाळही थांबवू नये. मुलगा असेल तर लघवीची धार बघा. दुपटं ओलं होतंय म्हणजे सगळं आलबेल, असं नाही. थेंबथेंब गळतंय की कमानीसारखी धार उडतेय, हे आईने किंवा आजीने डोळ्यांनी पाहून सांगावं. जमलं तर मोबाईलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. त्याचा उपयोग होतो.

पायरी तिसरी: पहिली सोनोग्राफी

तयारी सोपी आहे. बाळ उपाशी ठेवायचं नाही. उलट अर्धा तास आधी पोटभर पाजून आणा, कारण अंगात पाणी भरपूर हवं. सोबत दोन जादा लंगोट आणि एक जुनं दुपटं ठेवा. डायपर लगेच उघडू नका.

डायपरचं कारण ऐका. मी जेल कोमट करून घेते, तरी प्रोब ओटीपोटाला टेकला की तान्हं बाळ हमखास शू करतं. म्हणून पहिला मान मूत्राशयाचा: ते भरलेलं असतानाच त्याची भिंत जाड आहे का आणि मागे नळी फुगलेली दिसते का, ते बघून घ्यायचं. मग किडन्या. पडद्यावरच्या आडव्या चित्रात एपीडी, उभ्या चित्रात किडनीची लांबी, आतल्या वाट्या फुगल्यात का, आणि सर्वांत महत्त्वाचं, किडनीचा गर, म्हणजे लघवी तयार करणारा मांसल भाग, पातळ झालाय का. एकदा एका बाळाची डावी एपीडी मी १४ मिमी मोजली. तेवढ्यात त्याने माझ्या हातावर कारंजं सोडलं. पुसून पुन्हा मोजली तर ९. शेजारी उभ्या आजी म्हणाल्या, "गेलं वाटतं पाणी!" पाणी गेलं नव्हतं, मूत्राशय रिकामं झाल्यावर वरची पिशवीही थोडी उतरली होती. दोन्ही आकडे खरे होते. रिपोर्टात मी दोन्ही लिहिले, एक शू करण्याआधीचा आणि एक नंतरचा.

तुमच्या रिपोर्टात मूत्राशय भरलेलं होतं की रिकामं, याचा उल्लेख आहे का ते पहा. नसेल तर तिथेच विचारून वहीत लिहा. 'महिन्यात १२ चं १७ झालं' म्हणून घाबरून आलेले आईबाप मी बऱ्याचदा पाहते. चौकशी केली की कळतं, पहिल्या वेळी मूत्राशय रिकामं होतं आणि दुसऱ्या वेळी तुडुंब. शक्य असेल तर दर वेळी एकाच ठिकाणी, एकाच हाताकडून सोनोग्राफी करा. मशीन भारी की साधं, यापेक्षा याचा फरक जास्त पडतो.

आणखी एक फसगत सांगते. नवजात बाळाच्या किडनीतले पिरॅमिड, म्हणजे आतल्या भागातले त्रिकोणी तुकडे, पडद्यावर काळेभोर दिसतात. लहान मुलांची सवय नसलेल्याला ते फुगलेल्या वाट्या किंवा गाठी वाटू शकतात. 'दोन्ही किडन्यांत अनेक गाठी' असा रिपोर्ट आला आणि बाळ ठणठणीत असेल, तर रडारड करण्याआधी लहान मुलांची सोनोग्राफी नेहमी करणाऱ्याकडून ती पुन्हा करून घ्या.

पायरी चौथी: चार ते सहा आठवड्यांनी दुसरी

पहिली नॉर्मल आली तरी ही करायचीच. दोन्ही नॉर्मल, तर फाईल माळ्यावर टाकायला हरकत नाही. एपीडी १० मिमीच्या आत आणि गर जाड असेल, तर बहुधा फक्त अधूनमधून सोनोग्राफी पुरते. १० च्या वर, वाट्या फुगलेल्या किंवा नळी दिसत असेल, तर पुढच्या तपासण्या लागतात. इथून पुढे बालशल्यचिकित्सक किंवा मुलांचे किडनीतज्ज्ञ बरोबर हवेत.

पायरी पाचवी: एमसीयू, सगळ्यांना नाही

हिची आईबापांना सर्वांत जास्त धास्ती असते. बारीक, मऊ नळी मूत्रमार्गातून मूत्राशयात घालतात, तिच्यातून एक्स-रेत उठून दिसणारं औषध भरतात आणि बाळ शू करत असताना एक्स-रे घेतात. लघवी उलटी वर चढते का आणि मूत्रमार्गात पडदे आहेत का, हे यात कळतं. भूल लागत नाही. बाळ रडतं, मुख्यतः नळी घालताना आणि धरून ठेवल्यामुळे. साधारणतः ही तपासणी बाळ चार ते सहा आठवड्यांचं झाल्यावर करतात. पडद्यांची शंका असलेल्या मुलग्यात मात्र जन्मानंतर पहिल्या २४ ते ७२ तासांतच.

लघवीत जंतुसंसर्ग असताना ही करायची नाही, म्हणून आधी लघवी तपासतात. अँटिबायोटिक कधी सुरू करायचं आणि किती दिवस द्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. नंतर दोन दिवसांत ताप आला तर 'दात येत असतील' म्हणू नका, तडक दाखवा. रिपोर्टात रिफ्लक्सची प्रत १ ते ५ अशी लिहितात. शू करतानाचे फोटो घेतलेत ना, एवढी खात्री मात्र करा. ते नसतील तर तपासणी अर्धवट आहे, कारण मूत्रमार्गातले पडदे त्याच क्षणी दिसतात.

पायरी सहावी: आयसोटोप स्कॅन, खरा निकाल इथे लागतो

रिफ्लक्स नाही पण फुगवटी मोठी आहे, तेव्हा दोन प्रश्न उरतात. ही किडनी एकूण कामातला किती वाटा उचलते? आणि लघवी खाली उतरतेय की तुंबतेय? उत्तर देतो तो डाययुरेटिक रीनोग्राम नावाचा आयसोटोप स्कॅन. आपल्याकडे तो डीटीपीए किंवा ईसी या औषधाने करतात; लहान बाळात ईसी जास्त स्पष्ट दिसतं, म्हणून पर्याय असेल तर ते मागा. सहा ते आठ आठवड्यांच्या आत हा स्कॅन करत नाहीत, कारण तोवर किडनी कच्ची असते आणि आकडे भरवशाचे येत नाहीत. जिल्ह्याच्या गावी बहुतेक ठिकाणी ही सोय नसते, पुण्या-मुंबईला जावं लागतं. पहाटेची एसटी धरून गेलेल्या आणि वाटेत बाळाला नीट पाजता न आल्यामुळे कोरड्या अंगाने पोचलेल्या बाळाचा स्कॅन बिघडतो, हे मी रिपोर्ट वाचताना ओळखते. आदल्या रात्री मुक्कामी जा. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: पाणी किती पाजायचं, सलाईन लावणार का, लघवीची नळी घालणार का.

स्कॅनला बाळाला भरपेट पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून कॅमेऱ्यावर निजवतात. शिरेतून किरणोत्सर्गी औषधाचा सूक्ष्म डोस देतात आणि अर्धा तासभर कॅमेरा चित्रं घेत राहतो. मधे लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड देतात. आईने बाळाच्या नजरेसमोर वाकून बसावं, गुणगुणावं. हललेल्या बाळाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो आणि त्यातून कोणालाच काही सांगता येत नाही. गरोदर बाईने त्या दिवशी बाळाला उचलू नये. आईने दूध पाजायला काहीच हरकत नाही, औषध बाळाला दिलंय, आईला नव्हे. त्या दिवशीचे डायपर बांधून टाका आणि हात धुवा, बस.

रिपोर्टातला पहिला आकडा म्हणजे कामाची वाटणी. दोन्ही किडन्यांचं मिळून १०० धरलं, तर एकीचा वाटा ४५ ते ५५ हा नॉर्मल. दुसरं, औषध निम्मं उतरायला लागलेला वेळ: १० मिनिटांच्या आत असेल तर अडथळा नाही, २० च्या पुढे गेला तर अडथळ्याची शंका, मधे असेल तर सांगता येत नाही. हा वेळ एकटा कधीही वाचायचा नाही. पिशवी खूप मोठी असेल तर अडथळा नसतानाही औषध तिच्यात रेंगाळतं, विहिरीत रंग टाकल्यासारखं. मूत्राशय भरलेलं असलं तरी उतार मंदावतो. म्हणून बाळाने शू केल्यावर, उभं धरून घेतलेलं शेवटचं चित्र रिपोर्टात आहे का ते पहा. कधीकधी फुगलेली किडनी ५८ किंवा ६० टक्के काम दाखवते. ती दुसरीपेक्षा तगडी आहे असा त्याचा अर्थ नाही. बहुतेकदा मोजणीतली गडबड असते.

थांबायचं की ऑपरेशन?

निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. पण ते कशाच्या आधारे बोलतायत, हे कळलं तर तुमचा जीव थोडा खाली पडेल. उतार अडलेला आणि त्या बाजूचं काम ३५ ते ४० टक्क्यांच्या खाली, तर ऑपरेशनचा विचार करतात. काम चांगलं असलं तरी पुढच्या स्कॅनमध्ये ५ ते १० टक्क्यांहून जास्त घसरलं, फुगवटी वाढत गेली, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग झाला, तरीही. ४६ चं ४४ झालं म्हणून झोप घालवू नका. तेवढा फरक मशीनचाच असतो. ४६ चं ३६ झालं, तर मात्र 'बघू अजून सहा महिने' म्हणणाऱ्याला कारण विचारा.

मधल्या काळात कारण न सापडणारा ताप आला, तर लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पहिल्याच दिवशी, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. चिकटपट्टीच्या पिशवीत गोळा केलेली लघवी कल्चरला नको. तिच्यात त्वचेवरचे जंतू मिसळतात आणि नसलेला आजार रिपोर्टात दिसतो. संसर्ग होऊन गेल्यावर किडनीवर व्रण राहिलाय का, हे डीएमएसए नावाच्या वेगळ्या स्कॅनमध्ये कळतं. तो चार ते सहा महिने जाऊ देऊन करतात. लगेच केला तर ताजी जखम आणि कायमचा व्रण वेगळे ओळखू येत नाहीत.

किरणांचं काय?

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, कितीदाही करा. आयसोटोप स्कॅनचा डोस साधारण १ मिलिसिव्हर्टच्या आसपास किंवा त्याहून कमी. तुलनेला, जमीन, हवा आणि आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट असेच मिळतात. वापरतात ते टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं. थोडक्यात, गरजेचा स्कॅन भीतीपोटी टाळू नका. मात्र तान्ह्या बाळाला साध्या फुगवटीसाठी कोणी सीटी स्कॅन लिहून दिला, तर थांबा आणि विचारा की यातून असं काय कळणार आहे जे सोनोग्राफी आणि रीनोग्राममधून कळणार नाही. बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही.

ऑपरेशननंतर

अरुंद सांधा कापून नव्याने जोडण्याच्या ऑपरेशनला पायलोप्लास्टी म्हणतात, आणि तिचं यश चांगलं आहे. सांधा भरून येईपर्यंत आत एक बारीक नळी ठेवतात, डीजे स्टेंट. ती चार ते सहा आठवड्यांनी काढायची असते. तारीख फाईलच्या पुठ्ठ्यावर लाल अक्षरात लिहा, आजोबांच्या कालनिर्णयवर लिहा, फोनमध्ये घाला. बाहेरून काही दिसत नाही, बाळ खेळतं, आणि नळी विसरली जाते. वर्षभराने ती मुतखड्यासारखी कवच धरलेली सापडते आणि दुसरं ऑपरेशन करावं लागतं.

तीन महिन्यांनी सोनोग्राफी होते, आणि तिथे बरेच आईबाप खचतात. ऑपरेशनआधी २८ मिमी, आता १९! "एवढं करून अजून पाणी आहेच?" अहो, वर्षभर ताणलेला फुगा हवा सोडली तरी पहिल्यासारखा होत नाही. पिशवी उतरायला महिने, कधी वर्षं लागतात, काहींत थोडी फुगवटी कायमची राहते. ऑपरेशन यशस्वी झालं की नाही, हे तीन ते सहा महिन्यांनी केलेल्या रीनोग्रामवर ठरतं: उतार मोकळा झाला का आणि कामाचा वाटा टिकला का. ३६ चे ४५ होतील अशी आशा धरू नका. गेलेलं काम सहसा फारसं परत येत नाही, असलेलं टिकवणं हाच हेतू असतो. म्हणून ३६ चे ३७ आले तर तो चांगला रिपोर्ट आहे. हा स्कॅन आधीच्याच केंद्रात, त्याच औषधाने करून घ्या. आधी डीटीपीए आणि नंतर ईसी केलं तर दोन आकडे एका मापाचे राहत नाहीत.

सीडीवर भरवसा ठेवू नका. चार वर्षांनी ती कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडत नाही. आलेखाच्या पानाचे आणि आकड्यांच्या तक्त्याचे मोबाईलवर स्पष्ट फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

किडनीवर व्रण असेल किंवा एका बाजूचं काम फारच कमी असेल, तर मूल शाळेत जायला लागल्यावरही वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. रक्तदाब मोजताना लहान मुलाच्या दंडाला बसेल असाच पट्टा मागा. मोठ्या माणसाचा पट्टा गुंडाळला तर आकडा खोटा कमी येतो, आणि डॉक्टर 'छान आहे' म्हणून सोडून देतात.